ऐप्टेशिया म्हणजे टँकमधला लव्हाळा

प्रश्न थोडक्यात असा. राजारामपुरीतल्या एका तरुणाने चार फुटी रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावून सव्वा वर्ष झालं. आत झोआ, मशरूम, एक लेदर (हे प्रवाळांचे प्रकार) आणि क्लाउन माशांची जोडी. दिवाळीच्या सुमारास झोआच्या फ्रॅगबरोबर, म्हणजे लावायला आणलेल्या तुकड्याबरोबर, तपकिरी, काचेसारखं पारदर्शक एक फूल आलं. छान दिसतंय म्हणून राहू दिलं, मोठं झालं तसं चिमट्याने खरवडून काढलं. आज मोजून तीस आहेत. हाच तो ऐप्टेशिया, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, एक अ‍ॅनिमोन. तो विचारतो, "काका, लिंबू टोचू, पेपरमिंट कोळंबी आणू, की सगळे खडक बाहेर काढून उकळून घेऊ?"

उकळायचं आधी डोक्यातून काढून टाक. तुझ्या खडकांवर झोआ आहेत. झोआ आणि त्यांच्या नात्यातल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि ते निसर्गातल्या सगळ्यांत जहाल विषांपैकी एक आहे. उकळल्याने ते मरत नाही, उलट वाफेबरोबर घरभर होतं. परदेशात असा खडक उकळून घरातली सगळी माणसं, पाळलेल्या कुत्र्यांसकट, दवाखान्यात गेल्याची प्रकरणं आहेत. खोकला, धाप, ताप, छातीत दुखणं. खडकावर उकळतं पाणी ओतणं किंवा झोआ असलेला खडक बाहेर काढून ब्रशने घासणं, हेही त्यातलंच. फ्रॅग कापतानासुद्धा मी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बसत नाही. माझ्या वर्कशॉपमधली पोरं हसतात, ग्राइंडरवर चष्मा न घालणारा माणूस फुलं कापताना घालतो म्हणून. हसू देत.

आता ते खरंच ऐप्टेशिया आहे का, ते बघ. लांब देठ, वर ताटली, ताटलीच्या कडेने टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बारीक सोंडा, आणि सावली पडली तरी क्षणात भोकात गडप. हे सगळं जुळलं तर शंका नको. सोंडा आखूड, टोकाला बोंडासारख्या फुगलेल्या, रंग हिरवट किंवा तपकिरी, अंगकाठी बुटकी असेल तर तो मजानो, दुसरा एक अ‍ॅनिमोन. तोही उपद्रवीच, पण त्याचा इलाज थोडा वेगळा. आणि नळीतून पिसारा काढून बसलेला पंखकिडा असेल तर त्याला हात लावू नकोस, तो बिचारा पाणी गाळून खातो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मायसिसचा (माशांना घालतात त्या बारीक कोळंबीसारख्या खाद्याचा) एक तुकडा सोंडेवर सोडायचा. अ‍ॅनिमोन तो धरून मधल्या तोंडात कोंबतो. पंखकिडा दचकून नळीत जातो. पंखकिड्यालाच ऐप्टेशिया समजून चुना फासणारे मी दोघं तरी पाहिले आहेत.

तू खरवडलंस आणि एकाचे तीस झाले, यात नवल नाही. तू कोल्हापूरचा आहेस, उसाच्या सरीतला लव्हाळा बघितला असशील. वरून उपटला की हातात पात येते, जमिनीतली गाठ तशीच राहते आणि पंधरवड्यात आणखी चार फुटवे दिसतात. ऐप्टेशियाचं तसंच आहे, फक्त त्याची गाठ म्हणजे त्याचा पाय. खडकावर सरकताना तो पायाचे बारीक तुकडे मागे सोडत जातो, आणि प्रत्येक तुकड्यातून दोन-तीन आठवड्यांत सोंडा असलेलं नवं पिल्लू उभं राहतं. त्याला जोडीदाराची गरज नाही. अंडी-शुक्राणू सोडून पुनरुत्पादनही तो करतो, पण आपल्या टँकमध्ये गर्दी होते ती बहुतेक या तुकड्यांमुळे. चिमट्याने ओढताना तू हेच काम त्याच्यासाठी एका झटक्यात केलंस. शिवाय डिवचल्यावर अंगातून पांढरे धागे सोडतो ना, ते डंख मारणाऱ्या पेशींनी भरलेले असतात. शेजारचे झोआ मिटून बसतात ते त्यामुळे.

लाइट बंद ठेवून मारीन म्हणशील, तर तेही होणार नाही. त्याचा तपकिरी रंग अंगातल्या शैवालाचा असतो. ते शैवाल उन्हावर साखर बनवतं आणि यजमानाला देतं. अंधार केला की शैवाल जातं, अ‍ॅनिमोन पांढराफटक होतो, पण खायला मिळालं तर जगतो. प्रवाळ पांढरे का पडतात हे शोधणारे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत हाच प्राणी पाळतात, कारण तो शैवालासह आणि शैवालाविना, दोन्ही तऱ्हांनी जिवंत राहतो आणि मरता मरत नाही.

मला हे प्रयोगशाळेत जाऊन कळलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात नागाळा पार्कात आमच्या घरापर्यंत पाणी आलं नाही, पण वीज गेली. बॅटरीवरचा एअर पंप दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी टँकमधून वास यायला लागला, मासे गेले, लेदर वितळली, मशरूमची जेली झाली. सगळं आटोपून पाणी उपसायला बसलो, तर खडकाच्या खालच्या अंगाला सहा ऐप्टेशिया सोंडा पसरून मजेत बसले होते. कुजलेल्या माशांवर ते जेवत होते! त्या दिवशी मी त्यांच्याकडे जरा आदराने बघितलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा उपाय दोन गोष्टींवर ठरतो. आज किती आहेत, आणि त्यांना खायला कोण घालतंय. तीस म्हणतोस, म्हणजे दिसतात ते तीस. खडकाच्या पाठीमागे आणि सम्पमध्ये, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीत, आणखी तेवढे धर. एक-दोन असते तर मी म्हटलं असतं, तो खडकच उचल, कड छिन्नीने पायाखालच्या दगडासकट उडव आणि विषय मिटव. शंभराच्या वर असते तर हाताने एकही मारू नकोस म्हटलं असतं. तीसच्या आसपास दोन्ही करावं लागतं. मोठे हाताने मारायचे, बारीक कोळंबीवर सोपवायचे.

हाताने मारायला मी चुना वापरतो. बाजारात यासाठी तयार औषधं मिळतात, रेड सी कंपनीचं ऐप्टेशिया-एक्स त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं, आणि ते काम करतं. पण स्वच्छ कॅल्शियम हायड्रॉक्साइड असेल तर तीस अ‍ॅनिमोनसाठी चमचाभर चुना पुरतो. स्वच्छ हा शब्द महत्त्वाचा. पानाच्या डबीतला चुना नको, त्यात काय मिसळलंय ते डबीवर लिहिलेलं नसतं. रंगकामाचा तर नकोच. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध घे, पाकीट घट्ट बंद ठेव, कारण हवा लागली की तो हळूहळू खडू होतो आणि मग त्याचा उपयोग शून्य.

चुना आरओच्या पाण्यात कालवायचा, पातळ श्रीखंडासारखा. दुधासारखा पातळ केलास तर पाण्यात विरून जातो आणि शेजारच्या झोआवर बसतो. घट्ट केलास तर सुईत अडकतो. सुई औषधाच्या दुकानातली १८ गेजची, जिचं बूड गुलाबी असतं. इन्सुलिनची सुई बारीक असते, ती पहिल्या थेंबालाच तुंबते. टोक कानशीवर घासून बोथट करून घे, टोचायचं नाहीये, ओतायचं आहे. टँक खोल असेल तर सिरिंजला कडक एअरलाइन पाइपचा फूटभर तुकडा लाव. मी त्यासाठी लेथवर अ‍ॅक्रिलिकचा जोड बनवला होता, पण ती हौस, गरज नव्हे. चष्मा घालायचाच. चुन्याच्या दाट पाण्याचा पीएच १२.४ असतो, डोळ्यात गेला तर नजरेशी खेळ.

आता मुख्य युक्ती. बहुतेक लोक सुई घेऊन त्याच्या देठात खुपसायला जातात. सुई टेकायच्या आत तो भोकात जातो आणि चुना रिकाम्या भोकाच्या तोंडावर पडतो. त्याऐवजी त्याला जेवायला बसव. रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर आणणारा) आणि वेव्हमेकर (लाटा करणारा) बंद कर, पाणी स्थिर होऊ दे, मायसिसचं जरासं पाणी त्याच्यावर सोड. तो सोंडा पसरून तोंड उघडतो. मग सुईचं टोक ताटलीच्या वर अर्धा सेंटिमीटर धरून, स्पर्श न करता, तोंडावर चुन्याचा गोळा अलगद सोड. लालची प्राणी आहे, तो तो गोळा ओढून घेतो. लगेच वरून आणखी एक थर दे, म्हणजे आक्रसला तरी चुन्यासकट भोकात जाईल. पंधरा मिनिटं थांब. उरलेला पांढरा चिखल बारीक नळीने ओढून बाहेर काढ आणि मगच पंप सुरू कर. हा शेवटचा भाग लोक विसरतात, पंप सुरू होतो, टँकमध्ये बर्फ पडल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी अर्धे झोआ मिटलेले.

एका बैठकीत पाच-सहाच. तुझा टँक चार बाय दीड बाय दीड, म्हणजे काठोकाठ २५५ लिटर, खडक आणि वाळू वजा जाता २०० धरू. एवढ्या पाण्यात दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त कोरडा चुना मी जाऊ देत नाही, नाहीतर पीएच एकदम चढतो. मारलेला मेला का, ते तिसऱ्या दिवशी बघायचं. त्याच भोकातून बारीक सोंडा दिसल्या तर पुन्हा तेच. तीन आठवडे हे चालतं, कंटाळा येतो, पण पर्याय नाही.

लिंबाचं विचारलंस. लिंबाचा रस, व्हिनेगर, दोन्हीने मरतो, पण फक्त अंगात गेला तर. रस पाण्यासारखा पातळ, बाहेर सांडला की क्षणात पसरतो आणि पुरेसा आत गेला की नाही ते कळत नाही. दुखावलेला, न मेलेला ऐप्टेशिया म्हणजे पुन्हा खरवडल्यासारखंच. लिंबू मिसळीवर पीळ. कॉस्टिक सोडा वापरणारेही असतात, तो चुन्याहून जहाल आहे आणि घरात ठेवण्यासारखा नाही. फेविक्विकने भोक लिंपून टाकण्याचा सल्ला ऐकशील. खडकाला दुसरं भोक असतंच, तो तिकडून बाहेर येतो. आणि एखाद्या दुकानदाराने तांब्याचं औषध टाक म्हणून सांगितलं, तर नमस्कार करून घरी ये. तांब्याने कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ सगळं जाईल, आणि खडकात मुरलेलं तांबं पुढे कित्येक महिने सुटत राहील.

आता कोळंबी. पेपरमिंट कोळंबी ऐप्टेशिया खाते हे खरं. पण "पेपरमिंट" या नावाखाली लिसमाटा वंशाच्या दिसायला सारख्या अशा बऱ्याच जाती विकल्या जातात आणि सगळ्या सारख्या आवडीने खात नाहीत. दोन आणून एकही ऐप्टेशिया कमी झाला नाही, अशी तक्रार ऐकशील, ती खोटी नसते. म्हणून एक नाही, चार-पाच एकदम आण. त्या रात्री फिरतात, बारीक ऐप्टेशिया आधी खातात, नखाएवढ्याहून मोठ्याला सहसा हात लावत नाहीत. म्हणूनच मोठे तू चुन्याने मारायचे.

घेताना डोळे उघडे ठेव. मी एकदा मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने चार "पेपरमिंट" मागवल्या. लाल अंगावर पांढऱ्या रेघा आणि ठिपके, पाठीला कुबड, मोठे डोळे. दिसायला फारच देखण्या. आठवड्यात ऐप्टेशिया जिथल्या तिथे आणि झोआची एक वसाहत गायब. त्या कॅमल कोळंबी होत्या, आणि कॅमलला झोआ, मशरूम भलतेच आवडतात. पेपरमिंटचं अंग फिकट, जवळजवळ पारदर्शक असतं, त्यावर लांबीच्या दिशेने बारीक लाल रेघा. अंग ठळक लाल आणि त्यावर पांढरी नक्षी असेल तर घेऊ नकोस, दुकानदार शपथ घेऊन सांगो.

पार्सल आलं की थेट टँकमध्ये ओतायचं नाही. कोळंबीला खारटपणातला फरक सोसत नाही, दीड-दोन तास थेंब-थेंब पाणी घालून सवय लाव. आणि पहिले पंधरा दिवस टँकला नेहमीसारखं भरभरून खायला घालू नकोस. ताटात पेलेट पडत असतील तर ती कशाला खडकाच्या सांदीत शिरेल?

यावरून मूळ गोष्टीवर येतो. तुझ्या टँकमध्ये तीस ऐप्टेशिया आहेत कारण तिसांचं जेवण रोज पडतंय. क्लाउनच्या जोडीला दिवसातून तीन वेळा कोण खायला घालतं? तूच लिहिलंयस, बाजारातली कोळंबी वाटून टाकतोस. त्या वाटणाचा निम्मा भाग धुराळा होऊन खडकात जातो आणि क्लाउनपेक्षा ऐप्टेशियाच तो जास्त खातात. गोठलेली मायसिस घे, चहाच्या गाळणीत ठेवून आरओच्या पाण्याने धू, दिवसातून एकदा दे, दोन मिनिटांत संपेल एवढीच. मासे बारीक होत नाहीत, काळजी नको. नुसत्या एवढ्याने ऐप्टेशिया मरणार नाहीत, पण नव्यांची पिल्लावळ मंदावते आणि चुन्याचं काम संपण्यासारखं होतं. ज्यांच्याकडे ते पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्या टँकमध्ये मला बहुतेक वेळा हेच सापडलं आहे.

बर्घियाबद्दल विचारलं नाहीस, पण कुणीतरी सांगेलच. ही बोटाच्या पेरापेक्षा लहान समुद्री गोगलगाय, शंख नसलेली, पाठीवर केसाळ झालर. ती ऐप्टेशियाशिवाय दुसरं काहीही खात नाही, आणि खाल्लेल्याच्या डंखपेशी न पचवता स्वतःच्या पाठीवर शस्त्र म्हणून ठेवते. जिथे शंभरेक ऐप्टेशिया आहेत तिथे तिच्यासारखं कुणी नाही. पण कोळंबी तिला खाते, बरेच रॅस जातीचे मासेही खातात, आणि ऐप्टेशिया संपले की ती उपाशी मरते. पेपरमिंट आणि बर्घिया एकाच टँकमध्ये ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. तुला एकच निवडायचं आहे आणि तीसच्या संख्येला पेपरमिंट पुरे.

कॉपरबँड बटरफ्लायची हाव धरू नकोस. लांब चोच, पिवळे पट्टे, दिसतो झकास, ऐप्टेशिया खातोही. पण तो वीतभर वाढणारा मासा आहे, आणि दुकानातून आणलेला कॉपरबँड बऱ्याचदा काहीच न खाता झुरून जातो. २०० लिटरात त्याला आणणं मला पटत नाही. ऐप्टेशिया खाणारा फाइलफिश छोटा असतो, पण त्याची चव बदलली की तो झोआ कुरतडतो. तुझ्याकडे झोआच जास्त. मजानोवर मात्र पेपरमिंटचा भरवसा धरू नकोस आणि बर्घियाचा तर उपयोगच नाही, तिथे चुना आणि चिकाटी.

आता ज्या जागा कुणी बघत नाही त्या. ओव्हरफ्लोची पेटी (जिथून पाणी खाली सम्पमध्ये उतरतं), सम्पचे कोपरे, रिटर्न पंपाची जाळी, स्किमरची (फेसाने घाण काढणाऱ्या यंत्राची) नळी. तिथे उजेड कमी, खाणं भरपूर, शत्रू नाही. वर तू तीस मारशील आणि खालून पाण्याबरोबर पायाचे तुकडे पुन्हा वर येत राहतील. पंप काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात दोन तास बुडव, घासून, धुऊन लाव. पाच पेपरमिंटपैकी दोन सरळ सम्पमध्ये सोड, पंपाच्या तोंडाला स्पंज बांधून. माझ्या सम्पमध्ये त्या दोघी बरेच महिने आहेत आणि तिथे मला पुन्हा ऐप्टेशिया दिसलेला नाही.

पुढचा फ्रॅग आणशील तेव्हा प्लगच, म्हणजे फ्रॅग चिकटवलेलं बूडच, बदल. झोआ प्लगवरून सोडवून नव्या प्लगवर चिकटव, जुना प्लग टाकून दे, कारण ऐप्टेशिया बऱ्याचदा प्लगच्या खालच्या खाचेत लपून येतो. फ्रॅगच्या बुडवणीच्या औषधाने किडे पडतात, ऐप्टेशिया पडेलच असं नाही. बुडवल्यावर बाहेरून आक्रसलेला दिसतो आणि आपल्याला वाटतं मेला. वेगळ्या छोट्या टँकमध्ये महिनाभर ठेवून, रात्री टॉर्च मारून बघ. आणि सुट्टीत मालवणला गेलास तर तिथला खडक पिशवीत घालून आणायचा मोह नको. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मालवणचा समुद्र तर १९८७ पासून अभयारण्य आहे. हा छंद नाद खुळा असला तरी त्यापायी कोर्टाची पायरी नको.

येत्या रविवारी सकाळी नागाळा पार्कात ये. चुना आणि घासलेली सुई माझ्याकडे आहे, कसं ओतायचं ते एकदा हाताला कळलं की पुढचं सोपं जातं. येताना सम्पच्या चारही कोपऱ्यांचे आणि ओव्हरफ्लोच्या आतले फोटो काढून आण, लाइट बंद करून, टॉर्च तिरका धरून. आणि तोपर्यंत चिमटा आईकडे ठेवायला दे.